‘सुबिरा’चं उसवलेलं शीड

१

‘सुबिरा’ होडीचं शीड वर चढलं, त्यात वारा शिरला, आणि मधोमध उसवून ते दोरीवरच्या दोन धोतरांसारखं वेगवेगळं फडफडायला लागलं.

उफुकोनी गावच्या किनाऱ्यावर सगळे वर बघत राहिले. होडीत चढायला गुडघाभर पाण्यात चार बहिणी उभ्या होत्या. म्वान्झा शहराजवळच्या मोठ्या सरोवराकाठच्या या बायका सुट्टीवर आल्या होत्या. त्यातली थोरली न्यांजिगे चपला छातीशी धरून म्हणाली, "बी, तुमच्याकडे शीड असंच असतं का?"

"असंच कसं असेल? काल संध्याकाळपर्यंत धड होतं की ते," बी झुवेना म्हणाली.

पाहुण्यांच्या सहली आखणं हे झुवेनाचं काम; ‘बी’ म्हणजे इथल्या बोलीत ‘बाई’. किनाऱ्यावरच्या जंगली बदामाखाली तिचं बाकडं होतं. कोणत्या बेटावर कोणत्या तिथीला जायचं, कुठं पोहायचं, ऑक्टोपस कुणी भाजायचा, सगळं तिच्या डोक्यात असे. स्वतः मात्र तिनं जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता. नुसती डुलणारी होडी बघितली तरी तिला मळमळायचं. ‘झुवेना दुसऱ्यांना समुद्रात ढकलते आणि आपण सावलीत बसते,’ असं लोक म्हणत. ती म्हणे, "आचाऱ्यानं ताटात बसायचं नसतं."

आजची सहल फुंगूची होती. फुंगू म्हणजे भर समुद्रातली वाळूची पुळण. ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, ओहोटी पार खाली गेली की दुपारच्या आत तेवढी वर येते आणि पुन्हा बुडते. काल अमावास्या होती. आजचा दिवस झुवेनानं मुद्दाम धरलेला.

"आणि ही काय? ही बघा!" शामे नाखवा ओरडला. त्यानं होडीच्या तळातून एक सुरी उचलून वर धरली. लाल मुठीची सुरी सगळ्यांच्या ओळखीची होती. ती खातीबची. खातीब म्हणजे ‘सुबिरा’वरचा तांडेल, नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, उभा राहून वाट सांगणारा.

सगळ्या माना खातीबकडे वळल्या. मागच्या आठवड्यात याच किनाऱ्यावर त्यानं आपल्या नाखव्याकडे, म्हाताऱ्या वुआईकडे, चारचौघांत सुकाणू मागितलं होतं. या किनाऱ्यावर एक वेळ माणसाकडे त्याची बायको मागावी, पण नाखव्याकडे सुकाणू मागू नये. नाखवा आपण होऊन तांडेलाचा हात सुकाणूवर ठेवतो, तेव्हाच ते बदलतं. वुआईनं तेव्हा त्याला ‘होडीतून उतर’ म्हणून सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं होतं.

"सुकाणू मिळालं नाही म्हणून शीड उसवलंस होय रे?" शामे म्हणाला.

खातीब मान खाली घालून उभा राहिला. ना हो म्हणाला, ना नाही.

वुआई सुकाणूपाशी बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "शीड शिवता येतं. घरी जा सगळे."

पण गावचा मुखिया, शेहा, घरी जायला तयार नव्हता. "वुआई, हे तुझ्या-माझ्यातलं नाही. शीड समुद्रात उसवलं असतं तर या बायका कुठं असत्या? उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर पंच बसतील. खातीब निर्दोष ठरला तर ठीक. नाहीतर या किनाऱ्यावरची एकही होडी त्याला घेणार नाही."

खातीबची बायको गर्दीच्या मागं उभी होती, कडेवर पोर होतं. तिचा चेहरा बघून झुवेनाला राहवलं नाही.

"उद्यापर्यंत वेळ आहे ना? मग जरा मला बघू दे," ती म्हणाली.

"तू बघणार?" शामे हसला. "बी, त्यासाठी होडीत चढावं लागेल!"

२

होडी कोरड्या वाळूवर ओढून घेतली तेव्हा झुवेना चढली. वाळूवरची होडी हलत नाही हे ठाऊक असूनही तिनं एका हातानं काठ घट्ट धरला होता.

जाड मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवलेलं शीड. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक होते. नाखव्याच्या बायकोनं, बी मिझेनं, वर्षापूर्वी ते शिवलं होतं. मधली अख्खी शिवण सुटली होती, पण कापडाला कुठं ओरखडासुद्धा नव्हता. एकेक टाका सोडवून दोरा ओढून काढलेला. मग सुरीचं काम काय होतं? सुरी लागली असती तर इतक्या लांब शिवणीत कापड एकदा तरी फाटलंच असतं.

दुसरी गोष्ट तिला त्याहून चमत्कारिक वाटली. शिवण पुरती सोडली होती. कुणाला जीव घ्यायचा असता, तर त्यानं शिवण अर्धवट कमजोर केली असती. शीड किनाऱ्यावर टिकलं असतं आणि खोल पाण्यात फाटलं असतं. हे शीड किनाऱ्यावरच उघडं पडावं असं सोडलेलं होतं. ज्यानं हे केलं त्याला सहल नको होती, पण कुणाचं मरणही नको होतं.

आणि दोरा? सुकाणूखालच्या कोरड्या कप्प्यात तो नीट गुंडाळून ठेवलेला तिला सापडला. पुन्हा शिवायला उपयोगी पडावा म्हणून.

‘हा कसला वैरी,’ झुवेना मनाशी म्हणाली, ‘घर लुटतो आणि कुलूप लावून जातो.’

शामे पलीकडे स्वतःच्या होडीच्या फटींत तेलात बुडवलेला कापूस ठोकत होता. होडी कुशीवर आडवी पडलेली.

"या, या! आता माझ्यावर पाळी का?" तो म्हणाला. "वुआईची सहल मोडली की गिऱ्हाईक मला, असंच ना? बघ तरी. माझी होडी अशी पडलीये. परवापर्यंत पाण्यात जात नाही."

ते खरंच होतं. झुवेना वाळूत बसली. "शामे, तू आणि वुआई एका वयाचे. त्याचं कुणाशी वाकडं आहे?"

"वाकडं? तो कुणाशी बोलला तर वाकडं होईल ना! हल्ली समोरून जातो पण ओळख देत नाही. मोठा माणूस झालाय. फुंगूची पायपीट आता शामेनं करायची. गेल्या किती उधाणांत फुंगूला मीच जातोय, तुला आठवत नाही का? तूच तर पाठवतेस."

झुवेनाला आठवलं. वुआई नेहमी म्हणे, "बी, माझ्या सहली अष्टमीच्या आसपास ठेव, भांगाच्या पाण्यात. पाहुण्यांना पोहायला खोल पाणी लागतं." तिनं कधी विचार केला नव्हता. भांगाला ओहोटी फार उतरत नाही. मेनोवर, म्हणजे फुंगूच्या वाटेवरच्या खडकांच्या दातांवर, तेव्हा भरपूर पाणी असतं.

या वेळी मात्र न्यांजिगेनं कॉफीच्या ओट्यावर, सगळ्यांच्या देखत वुआईलाच विचारलं होतं, "आजोबा, आम्हाला फुंगू दाखवाल ना?" वुआई जरा थांबून ‘इन्शाल्ला’ म्हणाला होता. लोकांसमोर तसं म्हटलेला नाखवा मागं फिरत नाही.

३

किनाऱ्याचा राखणदार उस्सी दुपारच्या झोपेत होता. झुवेनानं त्याला काठीनं ढोसलं.

"मी झोपलो नव्हतो!" डोळे उघडायच्या आत तो म्हणाला.

"आत्ताचं नाही विचारत, रात्रीचं विचारते."

"रात्रीचंच सांगतोय! सगळं गाव म्हणतंय, उस्सी घोरत होता. मुलांची शपथ, बी, डोळ्याला डोळा लागला नाही. लागेल कसा? भीतीनं माझी गाळण उडाली होती." त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "कंदील नव्हता, विजेरी नव्हती, काडीसुद्धा कुणी ओढली नाही. अमावास्येचा मिट्ट काळोख. इतक्या बारीक शिवणीला हात घालायचा तर दिवा नको का? शेहा म्हणतो, दिवा तुला दिसला नाही म्हणजे तू झोपला होतास. पण दिवा नव्हताच तर दिसेल कुठून?"

"मग भीती कसली वाटली?"

उस्सीचा आवाज खाली गेला. "पावलं ऐकली. कुणीतरी वरून आलं आणि सरळ ‘सुबिरा’कडे गेलं. सरळ, बी! तिथं नांगरांच्या दोरांचं केवढं जाळं असतं, तुला माहीत आहे. परवा भर दुपारी बी मिझे त्यात अडकून मासळीच्या टोपलीत बसली, तुम्ही सगळे हसलात. मी इथला राखणदार, मी रोज ठेचकाळतो. आणि ते जे काय होतं ते त्या काळोखात एकदाही अडखळलं नाही. मी म्हटलं, हा माणूस नव्हे, हा जिन्न आहे. डोक्यावरून गोणपाट घेतलं आणि कलमा म्हणत बसलो."

जिन्नाला दोरा गुंडाळून ठेवायची सवय असते असं झुवेनानं कधी ऐकलं नव्हतं. पण काळोखात हातानं टाके सोडवू शकेल असं एक माणूस तिला ठाऊक होतं, ते टाके ज्या बोटांनी घातले ते. ती उठली आणि वुआईच्या घराकडे निघाली.

४

बी मिझे दारातच भेटली. डोळे रडून सुजलेले. ओसरीवर वुआई चटईवर बसला होता. झुवेना त्याच्यासमोर टेकली. मिझेनं कॉफी आणली, झुवेनाचा पेला पुढ्यात ठेवला आणि नवऱ्याचा त्याच्या हातात दिला, त्याची बोटं पेल्याभोवती नीट मिटवून.

"शीड बघितलंस?" वुआईनं विचारलं.

झुवेनानं मान डोलावली.

"अगं, विचारतोय मी. बघितलंस का?"

"बघितलं," ती म्हणाली. म्हातारा चिडलाय, तिला वाटलं. "मिझे, तुझी शिवण तुझ्याशिवाय कुणाला इतकी सफाईनं सुटणार नाही. खरं सांग, तू काल रात्री किनाऱ्यावर गेली होतीस का?"

मिझेनं किटली खाली ठेवली. "अंधारात परसाकडे जायचं तर मी यांना उठवते, झुवेना. मी किनाऱ्यावर कुठली जाते?"

"तिनं काही केलेलं नाही," वुआई एकदम म्हणाला. "आणि खातीबनंही काही केलं नाही. त्याला छळू नका."

"मग हे उद्या पंचांना सांगा ना, नाखवा. तुमच्या एका शब्दावर तो सुटेल."

वुआईनं पेला न पिताच बाजूला ठेवला. कॉफी तशीच निवत गेली. झुवेना उठून पायरीपर्यंत गेली आणि चप्पल घालता घालता थबकली. वुआई अजून तिच्या रिकाम्या जागेकडे बघून बोलत होता.

"झुवेना, त्याच्या बायकोला सांग, घाबरू नकोस म्हणून."

मिझेनं झुवेनाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विनवणी होती. झुवेना पाय न वाजवता खाली उतरली.

मग सगळं एकामागून एक जागेवर बसलं. मिझेच्या बोटांना शिवण जमली असती, पण दोरांच्या जाळ्यातून चालणं तिच्या पायांना जमलं नसतं. तिला तर ते दिवसाही जमत नव्हतं. ज्याला रात्र आणि दिवस एकच, तोच त्या काळोखात न अडखळता चालणार. शामेला ओळख न देणं हा माज नव्हता. भांगाच्या सहली पाहुण्यांच्या सोयीसाठी नव्हत्या. मेनोच्या दातांतून उधाणात होडी काढायची तर पाण्याचा रंग ओळखावा लागतो: हिरवं पाणी चांगलं, तपकिरी पाणी म्हणजे खडक. वुआईला रंग दिसत नव्हते. काहीच दिसत नव्हतं.

५

खातीब घरी बोचकं बांधत होता. "पलीकडे पेंबा बेटावर मामा आहे. तिथं होड्या आहेत," तो म्हणाला.

"आणि बायको-पोर?"

"मागून येतील."

"खातीब, तू सुकाणू कधी मागितलंस? मेनोवर होडी घासली त्यानंतर ना?"

त्याचे हात थांबले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्ता तू सांगितलंस."

तो बोचक्यावरच बसला. "घासली नाही. भांगातही तिथला एक सुळका वर असतो, त्याच्यापासून वीतभरानं वाचली. मी नाळेवरून ओरडत होतो, डावीकडे घ्या, डावीकडे घ्या! वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं नाही, आणि दिसत तर... होडीत शाळेची मुलं होती, बी. किनाऱ्याला लागलो तेव्हा मला भान राहिलं नाही. सगळ्यांसमोर बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, खातीब, कुणाला सांगू नकोस. मी पाण्यावर हात ठेवून शब्द दिला."

"म्हणून तू चोर ठरणार?"

"मला समुद्र त्यांनी शिकवला. बाप वारला तेव्हा घरात मासळी कोण टाकत होतं, ठाऊक आहे ना?" "मला पेंबात होडी मिळेल. त्यांना या वयात दुसरं नाव मिळणार नाही. तुम्ही पंचांसमोर काही बोलू नका, तुमच्या पाया पडतो."

‘नाही बोलणार,’ असा शब्द देऊन झुवेना घरी आली. एकाची भाकरी वाचवायची तर दुसऱ्याचं नाव जात होतं. आणि दोघंही एकमेकांसाठी मूग गिळून बसलेले! तिला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी रडूही आलं.

६

सकाळी नमाजाच्या आधी ती पुन्हा त्या ओसरीवर गेली. या वेळी तिनं मुद्दाम दुरूनच सलामाचा आवाज दिला, "नाखवा, शिकामू. झुवेना आलेय."

"माराहाबा. बस," सलाम घेत वुआई म्हणाला आणि किंचित हसला. "आज नाव सांगून आलीस. म्हणजे कळलं तुला."

"शीड तुम्ही उसवलंत."

"हो."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"शहरात जाऊन आलो. काचबिंदू. गेलं ते गेलं म्हणाले. समोर धुरकट उजेड आहे तेवढाच." त्यानं तळवे गुडघ्यांवर घासले. "इन्शाल्ला म्हणून बसलो होतो. नाही म्हणालो असतो तर लोकांनी विचारलं असतं, वुआई, का नाही? आणि गेलो असतो तर त्या बायकांना मेनोवर घातलं असतं. मग म्हटलं, होडीच आजारी पडू दे. माझ्या बायकोची शिवण, मला बोटांनी पाठ आहे."

"आणि खातीबची सुरी?"

"तीच तर!" म्हातारा म्हणाला. "ती तिथं पडलीये हे मला दिसलं कुठं, झुवेना? सकाळी सगळे ओरडायला लागले, काय दाखवतायत तेही मला कळेना. कळलं तेव्हा जीभ उचलली नाही. आज बोलू, उद्या बोलू. लाज वाटते गं. त्या समुद्रावर मी कधी कुणाला माझा हात धरू दिला नाही."

झुवेना म्हणाली, "मी पंचांसमोर एक अक्षर बोलणार नाही. खातीबला तसा शब्द दिलाय. पण संध्याकाळच्या होडीनं तो पेंबाला जाणार आहे. बोचकं बांधून झालंय."

ती उठली. मिझे दाराआडून बाहेर आली आणि नवऱ्याशेजारी बसली.

७

नमाज सुटला. मशिदीबाहेरच्या दगडी ओट्यावर पंच बसले, शेहानं घसा साफ केला. खातीब कडेला उभा होता, पायाशी बोचकं. झुवेना बायकांच्या बाजूला होती. तिला वुआई कुठंच दिसत नव्हता.

"खातीब, तुझं काय म्हणणं आहे?" शेहानं विचारलं.

"काही नाही."

"मग पंचांचं म्हणणं असं की..."

"खातीब!" मागून आवाज आला. लोकांनी वाट दिली. वुआई एकटा, काठी न घेता चालत आला, आणि माणसांच्या मधोमध थांबला. "खातीब, कुठं आहेस? जवळ ये. मला दिसत नाही."

खातीब धावत पुढं आला.

"शीड मी उसवलं," वुआई म्हणाला. "डोळे गेले आणि सांगायची हिंमत नव्हती म्हणून. या पोरानं माझी अब्रू झाकायला स्वतःचं तोंड बंद ठेवलं, आणि मी त्याला ठेवू दिलं. शेहा, दंड करायचा तर मला करा. पण आधी मला किनाऱ्यावर जायचंय. माझा हात धर, खातीब."

सगळं गाव त्या दोघांच्या मागं उतरलं. ‘सुबिरा’ वाळूवर उभी होती. वुआईनं चाचपून सुकाणूची दांडी शोधली, खातीबचा हात ओढून तिच्यावर ठेवला आणि वरून आपला हात दाबला. खातीब लहान मुलासारखा रडत होता.

शामे पुढं आला. डोळे पुसत तो म्हणाला, "थेरड्या, मला सांगितलं असतंस तर! मी वर्षभर तुला शिव्या घालतोय, ओळख देत नाहीस म्हणून."

"ऐकल्यात सगळ्या," वुआई म्हणाला. "कान शाबूत आहेत."

८

मिझेनं त्याच दोऱ्यानं शीड पुन्हा शिवलं. उधाण अजून ओसरलं नव्हतं, म्हणून झुवेनानं शनिवार धरला. चारही बहिणी आल्या. वुआई पाहुण्यासारखा मधल्या फळीवर बसला, हात कुठं ठेवावे हे न कळल्यासारखा.

"झुवेना," तो म्हणाला, "तू ये. मला पाण्याचा रंग सांगायला कुणीतरी हवं. खातीब आता मागं, नवा गडी नाळेवर. माझ्याशी कोण बोलणार?"

"मी? नाखवा, मला ओकारी होईल."

"झाली तर समुद्रात कर. त्याला सवय आहे."

अख्खा किनारा हसला. झुवेनाला नाही म्हणता आलं नाही. नाकाला लिंबू लावून, डोळे अर्धे मिटून ती त्याच्या शेजारी बसली.

"आता कसं आहे?" मेनोजवळ वुआईनं विचारलं.

"हिरवं."

"कसलं हिरवं? कोवळ्या नारळाचं की शेवाळाचं?"

"मला काय ठाऊक! माझ्या पोटाच्या रंगाचं!"

वुआई मान मागं टाकून हसला. खातीबनं मेनोच्या दातांतून होडी अलगद काढली. पुढं पाणी उथळ, पांढरट होत गेलं आणि त्यातून फुंगूची पाठ वर आली. न्यांजिगे उभी राहून ओरडली. शीड तसंच भरलेलं होतं, होडी सरळ वाळूकडे चाललेली. झुवेनानं घाबरून मागं पाहिलं. शीड उतरवायचा हुकूम सुकाणूवरूनच यायला हवा होता. खातीब सुकाणू धरून नुसता बसला होता, म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत.

तळाखालून वाळूची खरखर पायाला लागली तसा वुआई ताठ बसला. सवयीनं त्याचं तोंड उघडलं, आणि आपण आता कोण आहोत हे आठवून मिटलं.

खातीबनं तरीही हुकूम दिला नाही. तो थांबून राहिला.

मग वुआईला कळलं. "शीड उतरवा!" तो छातीभर आवाजात ओरडला.

"जी, नाखवा," मागून खातीब म्हणाला, आणि शीड खाली आलं.